लाईट असतानाच करून ठेवायची तयारी : घरातलं वायरिंग आणि भरवशाचा वायरमन

पहिलं काम अगदी सोपं आहे, वीजबिलाचा फोटो काढून घरातल्या ग्रुपवर टाकून ठेवा. ग्राहक क्रमांक, मंजूर भार (कंपनीने आपल्याला मंजूर केलेली विजेची मर्यादा) आणि तक्रारीचा नंबर असं सगळं त्या एका कागदावर असतं आणि रात्री दोन वाजता अंधारात बिलाची फाईल कुणालाच सापडत नाही. आणि नंबर आपल्याच बिलावरचा घ्या, कारण मुंबईत घर कुठे आहे त्यावर कंपनी ठरते, कुलाब्यापासून सायन-माहीमपर्यंत बेस्ट, उपनगरात बहुतेक ठिकाणी अदानी, काहींकडे टाटा पॉवर, मुलुंड-भांडुपला महावितरण, त्यामुळे दादरच्या मावशीने पाठवलेला नंबर बोरिवलीत कामाचा नाही. मीटरपर्यंतचा बिघाड कंपनी बघते, मीटरच्या पुढचं सगळं आपलं किंवा सोसायटीचं. म्हणून लाईट गेली की आधी दार उघडून समोरच्यांकडे आणि वरच्या मजल्यावर आहे का ते विचारायचं. नुसता जिन्यातला दिवा बघून ठरवू नका, तो वेगळ्या फेजवर, म्हणजे बिल्डिंगला येणाऱ्या तीन लाईनींपैकी दुसऱ्या एखादीवर, असू शकतो.

दुसरं काम रविवारी दुपारी करायचं, दोघं लागतात. एकाने डीबीपाशी (घरातल्या सगळ्या लाईनींचे स्विच असलेला डबा) उभं राहून एकेक एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) खाली करायचा, दुसऱ्याने घरभर फिरून काय बंद पडलं ते ओरडून सांगायचं, आणि ते मार्करने पट्टीवर लिहायचं, "हॉल लाईट-पंखे", "किचन प्लग", "बेडरूम एसी". आमच्या घरात हे केलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की बेडरूमचा एसी, बाथरूमचा गीझर आणि इस्त्रीचा प्लग अशा तिन्ही गोष्टी एकाच एमसीबीवर होत्या. आमची बिल्डिंग गोरेगावातली, १९८४ची, त्या वेळी ज्याने वायरिंग केलं त्याने एका पंख्याचा आणि दोन दिव्यांचा विचार केला होता आणि त्याचं काही चुकलं नव्हतं.

हे कळलं ते फार उशिरा. त्याच्या आधीच्या पावसाळ्यात रोज सकाळी तो एमसीबी पडायचा, आम्ही वर करायचो, पुन्हा पडायचा. कुणीतरी सांगितलं म्हणून एका इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्याने दहा मिनिटांत १६ अँपिअरचा काढून ३२चा बसवला, पैसे घेतले आणि गेला, आणि खरंच ट्रिप व्हायचं थांबलं. आम्हाला वाटलं माणूस हुशार आहे. ऑक्टोबरमध्ये गीझरच्या स्विचपाशी मासे कुजल्यासारखा वास यायला लागला, सॉकेट तपकिरी झालं, आणि बोर्ड उघडला तेव्हा आतल्या वायरीचं कव्हर वितळून एकमेकांना चिकटलं होतं. आई त्याच भिंतीला पाठ लावून झोपते. हिशोब साधा होता, ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर २३० व्होल्टला १३ अँपिअर खातो, दीड टनाचा एसी सात-आठ, इस्त्री चारच्या वर, बेरीज पंचवीसच्या आसपास, आणि भिंतीत वायर होती दीड चौरस मिलिमीटरची. एमसीबी पडत होता तो बरोबरच पडत होता. आमच्या आजोबांच्या चाळीत चिनी मातीच्या फ्यूजमध्ये फ्यूजवायर उडाली की लोक तांब्याच्या दोन-चार तारा पिळून घालायचे, हे तेच झालं, फक्त डबा नवीन.

म्हणून माणूस शोधताना मी आता एकच गोष्ट आधी बघते, तो ट्रिप होणं बंद करायला बघतो की का होतंय ते शोधतो. "हा एमसीबी सारखा पडतो" एवढंच सांगायचं आणि गप्प बसायचं. चांगला माणूस प्रश्न विचारतो, केव्हा पडतो, लगेच की थोड्या वेळाने, तेव्हा काय काय चालू असतं. मग डीबी उघडून स्क्रू ढिले आहेत का बघतो (ढिल्या स्क्रूपाशीच गरम होऊन जळतं), क्लॅम्प मीटर लावून करंट मोजतो, आणि भिंतीतल्या वायरीवर संशय असेल तर मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) घेऊन येतो. ज्याच्या पिशवीत टेस्टर, पक्कड आणि टेप एवढंच आहे तो ट्यूब बदलायला ठीक, पण बिघाड शोधायला नाही. आणि बघण्याआधीच "पूर्ण घराचं वायरिंग करावं लागेल" म्हणणाऱ्यालाही थांबवा, कदाचित लागेलही, पण मोजून दाखव म्हणावं.

परवाना विचारायला लाजू नका. आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री असे दोन-दोन वर्षांचे कोर्स आहेत, आणि वायरमनचा परवाना आणि ठेकेदाराचं लायसन्स राज्य सरकार देतं. छोट्या दुरुस्तीला येणारे अनेक हुशार लोक हाताखाली शिकलेले असतात, त्यांना मी कमी लेखत नाही, पण नवीन लाईन टाकणं, अर्थिंग, लोड वाढवणं असल्या कामाला परवानेवालाच हवा, आणि मंजूर भार वाढवायचा तर कंपनीकडे अर्ज करावाच लागतो. शोधायचं कुठे, तर आधी सोसायटीचा पंप आणि लिफ्टची लाईन कोण बघतं ते सेक्रेटरींना विचारा, मग बिल्डिंगमध्ये नुकतंच रिनोव्हेशन केलेल्यांना, आणि विचारताना "चांगला आहे का" असं नको, "त्याने केलेलं काम वर्षभराने कसं आहे" असं विचारा. आणि हे सगळं मे महिन्यात. त्याला एखादं छोटं काम द्या, डीबीचे स्क्रू आवळून दे, अर्थिंग तपासून दे, तेवढ्यात माणूस कळतो आणि जुलैमध्ये फोन केला की तो ओळखतो. मला आत्ताचे दादा असेच मिळाले, त्यांनी गीझर आणि एसीला वेगळ्या लाईनी टाकल्या, ४ चौरस मिलिमीटरच्या, आणि भिंत बुजवायच्या आधी "ताई, फोटो काढून ठेवा" म्हणाले, म्हणजे पुढे खिळा ठोकताना वायर कुठून गेलीय ते कळेल. सामान आम्ही बिलासकट लोहार चाळीतून, म्हणजे मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून आणलं, वायरीवर आयएसआयची खूण आणि साईज छापलेली बघून.

आता फोनवर काय सांगायचं त्याची तयारी, कारण नीट सांगितलं तर तो योग्य सामान घेऊन येतो. एमसीबी वर करताक्षणी पडला तर बहुतेक शॉर्ट आहे, पुन्हा पुन्हा वर करून बघू नका. पाच-दहा मिनिटांनी पडत असेल तर लोड जास्त. आणि डीबीत टेस्टचं बटण असलेला जो रुंद स्विच असतो, आरसीसीबी, जुने लोक ईएलसीबी म्हणतात, तो पडत असेल तर करंट कुठेतरी लीक होतोय. गीझर, वॉशिंग मशीन, बाल्कनीतला भिजलेला दिवा, असे नेहमीचे संशयित. सगळे प्लग खरोखर उपटून काढा, नुसते स्विच बंद करून भागत नाही कारण न्यूट्रल (करंट परत जायची वायर) जोडलेला राहतो, सगळे एमसीबी खाली, मग आरसीसीबी वर, मग एकेक एमसीबी वर, जो वर करताना आरसीसीबी पडला त्या लाईनीत बिघाड. हे कोरड्या हातांनी, पायात चप्पल घालून, आणि स्विचपुरतंच, डीबीचं झाकण आपण उघडायचं नाही. आरसीसीबी घरात नसेल तर तो ३० मिलिअँपिअरचा बसवणं हेच या वर्षीचं काम धरा, एमसीबी वायर वाचवतो, माणसाला शॉकपासून वाचवायला हाच लागतो, आणि अर्थिंगही पाहिजे. महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा, पडला नाही तर तो बदलायला झालाय.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना, लहान मुलांनाही सांगून ठेवा. दिवे अचानक फार प्रखर झाले, पंखा वेडावाकडा पळायला लागला किंवा हॉलमध्ये मंद आणि आत प्रखर असं दिसलं, तर काही विचार न करता मेन स्विच बंद. बिल्डिंगच्या लाईनचा न्यूट्रल सुटला की काही घरांत व्होल्टेज जवळजवळ ४००पर्यंत चढू शकतं, टीव्ही-फ्रिज जातात, आणि तो बिघाड बहुतेकदा आपल्या घरात नसतो, मीटरकेबिन नाहीतर बाहेरच्या केबलमध्ये असतो, तेव्हा फोन वीज कंपनीला आणि सोसायटीला. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर गीझरचा एमसीबी खाली करा आणि माणूस येईपर्यंत थंड पाण्याने आंघोळ.

पावसाआधी सोसायटीला लेखी पत्र द्या, मीटरकेबिन तळमजल्यावर असेल तर पाणी भरल्यावर मेन कोण पाडणार, किल्ली कुणाकडे, वॉचमन रात्रपाळीचा असेल तर त्याला माहीत आहे का. भिंतीला ओल येत असेल तिथल्या बोर्डाची लाईन बंद ठेवून आधी गळती थांबवा, ओल्या भिंतीत नवीन वायर टाकून पैसे जातात फक्त.

कुणाला शॉक बसला आणि तो चिकटला असेल तर हात लावायचा नाही, मेन बंद, मेन स्विच हाताशी नसेल तर कोरड्या लाकडाने वायर बाजूला, मग १०८. बोर्ड पेटला तर मेन बंद आणि १०१, पाणी अजिबात मारायचं नाही.

हे सगळं मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून डीबीच्या दाराला आतून चिकटवलंय, दादांचा नंबर, कंपनीचा नंबर, ग्राहक क्रमांक, कुठला एमसीबी कशाचा, आणि शेजारी खिळ्याला एक टॉर्च टांगलाय. आईला चष्म्याशिवाय वाचता येतो का ते एकदा लाईट बंद करून टॉर्चवर वाचून घेतलं, दोन ओळी आणखी मोठ्या कराव्या लागल्या.