उलटतपासणीत कागद आधी दाखवू नका

वाटपाच्या दाव्यात साक्षीदार सरतपासणीच्या (आपल्या बाजूने दिलेल्या पहिल्या साक्षीच्या) शपथपत्रात छातीठोकपणे म्हणतो, ‘आमचं वाटप कधी झालंच नाही.’ तुमच्याकडे तलाठ्यासमोरचा त्याचाच सहीचा जबाब आहे, ‘वाटप होऊन जो तो आपापल्या हिश्शात कसतो.’ लगेच कागद पुढे केलात, तर तो सावध होतो. कोरेगाव असो वा कराड, गावचा माणूस कागद बघितला की ‘आठवत नाही’वर येतो.

आधी तोंडी बांधून घ्या. विहिरीची पाळी कशी ठरली? बांध कुणी घातला? तलाठ्याकडे जबाब दिला होता का? मग फक्त सही दाखवा: ‘ही तुमचीच ना?’ ती कबूल झाली, की नेमकं ते वाक्य दाखवून विचारा. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ चं कलम १४८ (जुन्या पुरावा कायद्याचं १४५) हेच सांगतं: लेखी जबाबाने खोडायचं असेल तर तो भाग साक्षीदाराच्या नजरेस आणलाच पाहिजे. नुसती सही कबूल झाल्याने मजकूर शाबीत होत नाही, म्हणून मजकुरावरचं उत्तर नोंदवून निशाणी (पुराव्यातल्या कागदाला कोर्ट देतं तो क्रमांक) मागा. ‘मग आता खोटं का बोलता?’ हा प्रश्न मात्र गिळा. खुलाशाची संधी तुम्हीच कशाला देता?

कागद आधी दाखल केला नव्हता? विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराला उलटतपासणीत दाखवायला दिवाणी प्रक्रिया संहितेत मुभा आहे. पक्षकार स्वतः साक्षीला उभा असला तरीही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलंय.