जुनी मोटारसायकल घेतल्यावर विकणाऱ्याकडून कागद आणि सह्या कशा मिळवाव्यात

कोल्हापुरात जुन्या मोटारसायकलचा व्यवहार बहुतेक वेळा ओळखीतून होतो. भावकीतलं कुणी, तालमीतला पोरगा, एमआयडीसीत सोबत काम करणारा. पैसे हातात पडतात, किल्ली मिळते आणि कागदांचं "देतो की निवांत, कुठं पळून चाललोय" यावर राहून जातं. पुढे गाडी नावावर करायची म्हटली की विकणारा पुण्याला नोकरीला गेलेला असतो, नाहीतर त्याचा फोन लागत नाही. व्यवहार अजून ठरतोय त्यांच्यासाठी आणि पैसे देऊन कागदांची वाट बघत बसलेत त्यांच्यासाठीही हे लिहितो आहे.

पहिली गोष्ट म्हणजे कागद मागताना संकोच सोडा. आपण अविश्वास दाखवतोय असं अनेकांना वाटतं. खरं तर गाडी जुन्या मालकाच्या नावावर राहण्यात त्याचाच धोका मोठा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं, की अपघाताच्या वेळी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव असेल तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अशी कितीतरी जणांना विकली गेली होती, तरी जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच आली. ई-चलनं त्याच्याच मोबाईलवर जातात आणि गाडी कुठल्या गुन्ह्यात सापडली तर पोलीस आधी त्याच्याच दारात उभे राहतात. विकणाऱ्याला हे शांतपणे समजावून सांगा. "काका, उद्या माझ्याकडून काही झालं तर नोटीस तुम्हाला येईल, म्हणून आजच सह्या करून टाकूया," या एका वाक्याने जेवढं काम होतं तेवढं भांडून होत नाही.

पैसे देण्याआधी

गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपवर किंवा परिवहनच्या संकेतस्थळावर टाका. नोंदणीची मुदत, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा तिथे दिसतो. मालकाचं नाव पूर्ण दिसत नाही, पण आरसीवरच्या (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरच्या) नावाशी ताडून बघण्याइतकी अक्षरं दिसतात. आरसी म्हणजे आता बहुतेकांकडे स्मार्ट कार्ड असतं, जुन्या गाड्यांचं पुस्तक असतं. त्यावरचा चासी (सांगाड्याचा) नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर जाऊन वाचा. चासी नंबर बहुतेक गाड्यांना हँडलच्या नळीवर ठोकलेला असतो, इंजिन नंबर इंजिनाच्या खालच्या अंगाला. अक्षरं घासलेली किंवा पुन्हा ठोकल्यासारखी वाटली तर गाडी कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

थकलेली चलनं महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर तपासा. ती कुणी भरायची हे आधीच ठरवा आणि शक्यतो विकणाऱ्याकडूनच भरून घ्या, नाहीतर पुढे आरटीओच्या कामात अडकतात. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेली असेल तर तिला नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसली आहे का तेही बघा. दुचाकीला तिचे ४५० रुपये अधिक जीएसटी लागतात, रक्कम किरकोळ आहे, पण प्लेट नसेल तर नावावर करण्याचं काम अडू शकतं.

गाडीला १५ वर्षं होत आली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर यांचा खर्च किमतीत धरा.

सह्यांचा दिवस

ज्याला सगळे "टीटी फॉर्म" म्हणतात ते म्हणजे फॉर्म २९ आणि फॉर्म ३०. फॉर्म २९ ही विकणाऱ्याने आरटीओला द्यायची सूचना असते, तिच्या दोन प्रती लागतात. फॉर्म ३० हा नावावर करण्याचा अर्ज, त्यावर घेणारा आणि विकणारा दोघांच्याही सह्या येतात. सही आरसीवरच्या मालकाचीच हवी. त्याच्या भावाची नाही, बायकोची नाही आणि त्याच्याकडून गाडी घेऊन तुम्हाला देणाऱ्या मधल्या माणसाची तर अजिबात नाही. अर्जाबरोबर गाडीच्या चासी नंबरचा पेन्सिलने घेतलेला छापही लागतो, तो गाडी समोर असतानाच काढून घ्या.

फॉर्मशिवाय विकणाऱ्याकडून मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, त्याच्या आधार कार्डाची सही केलेली प्रत आणि फोटो घ्या. तुमच्याकडून पत्त्याचा पुरावा, पॅन (नसल्यास तसं घोषणापत्र) आणि फोटो लागतील. कोरे फॉर्म सह्या करून देतो, नाव नंतर भरा, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. फॉर्मवर तुमचं नाव, तारीख, गाडीचा नंबर त्याच्यासमोर भरा आणि मगच सही घ्या. कोरा फॉर्म हातोहात फिरतो, मग गाडी कुणाकडून कुणाकडे गेली याचा माग उरत नाही.

याच्या जोडीला खरेदी-विक्रीचा एक करार करून नोटरी करून घ्या. महाराष्ट्रात आता त्यासाठी ५०० रुपयांचा स्टॅम्प लागतो. त्यात किंमत, पैसे कसे दिले ते आणि ताबा दिल्याची तारीख व वेळ लिहा. वेळ महत्त्वाची आहे, कारण त्याआधीची चलनं आणि भानगडी कुणाच्या हे त्यावरून ठरतं. आरटीओला हा करार फॉर्मच्या जागी चालत नाही. वाद झाला तर तुमच्या हातात लेखी पुरावा असावा एवढ्यासाठी तो करायचा. पैसे शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने द्या, तेही थेट मालकाच्या खात्यात.

आता सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट. आरटीओच्या नोंदीत गाडीला एक मोबाईल नंबर जोडलेला असतो आणि ऑनलाईन अर्ज करताना ओटीपी त्यावर येतो. तो नंबर कधीचा बंद पडलेला असतो, किंवा गाडी नवी घेताना शोरूमवाल्याने स्वतःचाच टाकलेला असतो. म्हणून सह्या घेण्याच्या दिवशीच तो नंबर चालू आहे का हे विकणाऱ्याला विचारा, आणि नसेल तर त्याच्या आधारच्या मदतीने आधी बदलून घ्या. शक्य असेल तर त्याच बैठकीत परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे पाच अंक टाकून अर्ज भरा, ओटीपी त्याच्याकडून समोरासमोर घ्या आणि शुल्क भरून टाका. दुचाकी नावावर करण्याचं मूळ सरकारी शुल्क १५० रुपये आहे, स्मार्ट कार्डाचे २०० वेगळे, वर टपालखर्चासारखे किरकोळ आकार. एजंट जो आकडा सांगतो त्यातला सरकारी भाग किती हे माहीत असलेलं बरं.

माझं ठाम मत आहे, की आरसीवर आपलं नाव येईपर्यंत किमतीतली थोडी रक्कम मागे ठेवावी आणि तसं करारात लिहावं. ४० हजारांची गाडी असेल तर ४-५ हजार. विकणारा सरळ असेल तर त्याला यात वावगं वाटत नाही, आणि आळशी असेल तर त्याच पैशांमुळे तो फोन उचलतो.

मुदतींचंही भान ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. विम्याची कंपनीही बदलाची सूचना १४ दिवसांत मागते. थर्ड पार्टी विमा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, गाडीबरोबर येतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा जुन्या नावावरच्या पॉलिसीवर करायला गेलात तर अडचण येते. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जुन्या मालकाचाच राहतो, तो तुम्हाला मिळत नाही.

जिथे काम अडतं

*कर्ज.* आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव असेल तर हप्ते फिटले असं तोंडी सांगणं पुरेसं नाही. विकणाऱ्याने कंपनीकडून ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) च्या सही-शिक्क्याच्या प्रती आणायला हव्यात. या पत्राला बहुतेक वेळा मुदत असते, घरात वर्षभर पडलेलं पत्र चालत नाही. बोजा उतरवायचं काम विकणाऱ्याचं, ते झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

*कर्नाटक पासिंग.* निपाणी, चिकोडी, बेळगाव हाकेच्या अंतरावर असल्यामुळे केए-२२ आणि केए-२३ च्या गाड्या आपल्याकडे भरपूर येतात आणि स्वस्तात मिळतात. इथे मुख्य कागद फॉर्म २८, म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत). ती मूळ मालकालाच काढावी लागते, म्हणून ती हातात आल्यावरच व्यवहार पुरा करा. दुसऱ्या राज्यातल्या विक्रीत विकणाऱ्याला सूचना द्यायला ४५ दिवस मिळतात. महाराष्ट्रात आणल्यावर इथला कर भरून एमएच-०९ चा नंबर घ्यावा लागतो, हा खर्च धरला की स्वस्त वाटलेली गाडी बऱ्याचदा इथल्या गाडीच्याच भावाला जाते.

*मालक वारले आहेत.* असे व्यवहार फार होतात. वडिलांच्या नावावरची स्प्लेंडर मुलगा विकतो, आरसीवर वडिलांचं नाव, सही मात्र मुलाची. असा फॉर्म चालत नाही. आधी वारसाने फॉर्म ३१ भरून, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती जोडून गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यायची, मग तुम्हाला विकायची. मृत व्यक्तीच्या नावाने सही ठोकून द्यायला कुणी तयार झालं तर ती सरळ सरळ बनावट सही आहे. त्यात पडू नका, उद्या अडकाल तुम्ही.

*आरसी हरवली.* २०१९ आणि २०२१ च्या महापुरात चिखली, आंबेवाडी, शिरोळकडच्या कितीतरी घरांतले कागद भिजले किंवा वाहून गेले. अशी गाडी घ्यायला हरकत नाही, पण दुय्यम आरसी (फॉर्म २६) मालकाने त्याच्या नावानेच काढायची असते, पोलिसांत हरवल्याची नोंद करून. आणि ती गाडी पुरात उभी होती का, हे मेकॅनिकला दाखवूनच ठरवा.

*ऑटो कन्सल्टंट.* १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना आरटीओकडून अधिकृत होण्याची तरतूद आहे. अशा व्यापाऱ्याकडे फॉर्म २९ बी चं प्रमाणपत्र असतं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची फॉर्म २९ सी ची सूचना आरटीओत गेलेली असते. मग नावावर करून देण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. ही दोन्ही कागदपत्रं दाखवा म्हणा. दाखवता आली नाहीत तर मूळ मालकाशी फोनवर तरी स्वतः बोला आणि त्याच्या पॅन कार्डावरच्या सहीशी फॉर्मवरची सही ताडून बघा.

पैसे गेले, कागद आले नाहीत

आधी घरी जा. फोनवर टाळणारा माणूस दारात आलेल्याला सहसा टाळत नाही. भरलेले फॉर्म, पेन, शाईचं पॅड सगळं सोबत न्या, म्हणजे त्याला फक्त सही करायची राहील. तो परगावी असेल तर फॉर्म कुरिअरने पाठवा आणि आधार कार्डाच्या प्रतीसह परत मागवा, ओटीपी फोनवर चालतो. खर्च तुम्हीच करा, चारशे-पाचशे रुपयांवरून काम अडवू नका. वर सांगितलेली नोटिशीची आणि चलनांची गोष्ट इथेही कामाला येते.

तरीही दाद लागत नसेल तर लेखी करा. गाडीचा नंबर, व्यवहाराची तारीख, दिलेली रक्कम, हवे असलेले कागद आणि १५ दिवसांची मुदत असं साधं पत्र स्पीड पोस्टाने पोच घेऊन पाठवा, मेसेज जपून ठेवा. त्यानंतर वकिलाची नोटीस. गाडी चोरीची निघाली, सही बनावट निघाली किंवा तीच गाडी दोघांना विकली असेल, तर तो फसवणुकीचा मामला आहे. करार आणि पैसे दिल्याचा पुरावा घेऊन थेट पोलीस ठाण्यात जा आणि तोवर गाडी रस्त्यावर काढू नका. विकणारा व्यापारी असेल तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार नोंदवता येते आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं. घरगुती विक्रेत्यासाठी मात्र दिवाणी न्यायालयाचाच रस्ता उरतो, म्हणून तिथवर जाण्याआधी दोघांच्या ओळखीचा एखादा जाणता माणूस मध्ये घालून सह्या मिळतात का ते बघा. आपल्याकडे बहुतेक वेळा तेवढ्यावर काम होतं.

नावावर झालेली आरसी हातात आली की तिचा फोटो जुन्या मालकाला पाठवा, राखून ठेवलेली रक्कम त्याच दिवशी द्या आणि आरसीची प्रत देऊन विमा कंपनीकडून पॉलिसीवरचं नाव बदलून घ्या.