मधूनच पडणारी स्क्रिप्ट: बग शोधायला बसण्याआधी

सगळ्यात आधी रँडम नंबरची स्थिती, म्हणजे पुढचे रँडम आकडे जिच्यावरून ठरतात ती नोंद, फाईलमध्ये उतरवा. आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रामिंग भाषेत ती डॉट-रँडम-डॉट-सीड या नावानं असते. मागच्या पावसाळ्यात मी ती ठेवली नाही आणि तीन आठवडे पाण्यात गेले. सांगली मार्केट यार्डातल्या हळदीच्या तीस वर्षांच्या दरांवर मोठ्या पुराचा परिणाम बघायचा होता, त्यासाठी बूटस्ट्रॅप, म्हणजे आहे त्याच डेटातून पुन्हा पुन्हा नमुने उचलायची पद्धत, लावली होती. दहा नमुन्यांची चाचणी कधी नीट पार पडे, कधी एरर देऊन थांबे. एरर आल्यावर मी आर उघडाच ठेवला, पण त्याचा उपयोग झाला नाही. तोवर स्थिती पुढे सरकलेली असते. ज्या नमुन्यावर गाडी अडली, तो हातचा गेला.

डेटाची आणि कोडची प्रत ठेवालच. आरची आवृत्तीही लिहून घ्या, कारण २०१९ मधल्या ३.६.० पासून सॅम्पल फंक्शनची डीफॉल्ट पद्धत बदलली आणि तोच सीड (रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारा अंक) जुन्या-नव्या आवृत्तीत वेगळे नमुने काढतो. मिरजेची मैत्रीण दोन दिवस "माझ्याकडे चालतंय की" म्हणत होती. तिच्याकडे ३.५ होतं.

आर कोरा उघडा, व्हॅनिला पर्याय देऊन. मागच्या वेळचं काम साठवलेली जुनी डॉट-आरडेटा फाईल आपोआप उचलली गेली तर तिच्यासोबत जुनी रँडम स्थितीही येते. मग रोज सकाळी तेच आकडे निघतात आणि बग गेला असं वाटतं. तसंच वर एक सेट-सीड (सीड पक्का करणारी ओळ) टाकून "आता येत नाही" म्हणू नका, कृपा करून. तो बग झाकला, काढला नाही. एक ते पाचशे सीड फिरवा, प्रत्येक फेरीआधी सीड नोंदवा आणि पडलेल्या फेऱ्या ट्रायकॅचनं (एरर पकडून पुढे जाणारं फंक्शन) वेगळ्या काढा. फेरीआधी नोंदवा, फेरी पडल्यावर नोंदवलेली रँडम स्थिती काही कामाची नाही.

मग किती फेऱ्या पडल्या ते मोजा. हे कंटाळवाणं आहे, पण माझं कारण इथेच सापडलं. दर तीन चाचण्यांत साधारण एक पडत होती. माझ्या तक्त्यात मोठ्या पुराची वर्षं तीनच होती, २००५, २०१९ आणि २०२१. उरलेली सत्तावीस साधी. तीसपैकी तीस वर्षं परत ठेवून उचलली, तर पुराचं एकही न येण्याची शक्यता ०.९ चा तिसावा घात, म्हणजे सुमारे ४.२ टक्के. असे दहा नमुने घेतले की एखादा तरी बिनपुराचा निघण्याची शक्यता ३५ टक्क्यांवर जाते. बिनपुराच्या नमुन्यात पूर या फॅक्टरला (गटवार चलाला) एकच लेव्हल, म्हणजे एकच गट, उरते आणि मॉडेल तिथेच अडतं. सीड जपला असता तर तो नमुना पहिल्याच दिवशी उघडून बघता आला असता!

फेऱ्या समांतर, म्हणजे एकाच वेळी अनेक प्रोसेसरवर, चालवत असाल तर प्रत्येकाला रँडम आकड्यांचा वेगळा प्रवाह देणारं क्लस्टर-सेट-आरएनजी-स्ट्रीम लावा, नाहीतर नोंदी जुळणार नाहीत. पॅकेजमध्ये सी कोड असेल आणि आर अख्खा बंद पडत असेल तर मेमरीची साफसफाई सतत करायला लावणारं जीसी-टॉर्चर चालू करून लहान डेटावर बघा. फार हळू चालतं.

दुरुस्तीत मी पुराची आणि साधी वर्षं वेगवेगळी उचलली. कोड बदलला की तोच सीड वेगळा नमुना देऊ शकतो, म्हणून पडलेला नमुनाही जपा. आणि सीड, फेरीआधी.