तवंगातल्या मायक्रोसिस्टिसला नाव देताना या चुका टाळा

तळ्यावर हिरवा तवंग आला, थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, भोकाभोकांची बुळबुळीत कॉलनी दिसली की वहीत ‘मायक्रोसिस्टिस एरुजिनोसा’ (तवंग आणणारा एक सायनोबॅक्टेरिया, म्हणजे नीलहरित जिवाणू) लिहून मोकळं व्हायचं. पहिली गफलत इथेच होते. हाच जीव प्रयोगशाळेत वाढवत राहा, बऱ्याचदा कॉलनी विस्कटते आणि सुट्या गोल पेशी उरतात. मग आकारावर भिस्त ठेवायची कशी? आकारावरूनच वेगळ्या धरलेल्या पाच प्रजातींचे डीएनए जपानी संशोधकांनी ताडून पाहिले आणि २००१ मध्ये त्या एकच मानाव्यात असं सुचवलं.

‘मग १६एस जनुक वाचतो,’ असं विद्यार्थी लगेच म्हणतात. जिवाणू ओळखायला नेहमी वापरतात ते हे जनुक. या पाचांमध्ये ते ९९ टक्क्यांहून जास्त सारखं असतं. वंशांपर्यंत ठीक, पण मायक्रोसिस्टिसमधले वाण वेगळे काढायचे तर १६एस आणि त्याच्या शेजारचं २३एस जनुक यांच्यामधला डीएनएचा पट्टा किंवा एकाच वेळी अनेक जनुकं वाचावी लागतात.

सगळ्यात महागात पडते ती नावावरून विष ठरवण्याची चूक. मायक्रोसिस्टिन हे विष बनवायला दहा जनुकांचा सुमारे ५५ हजार बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) संच लागतो. एकाच तवंगात तो असलेले आणि नसलेले वाण शेजारी शेजारी तरंगतात, आणि दिसायला अगदी सारखे! पीसीआरने (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती वाढवून) या संचातलं ‘एमसीवाय-ई’ जनुक शोधा. पण ते सापडलं म्हणजे विष आहेच असं नाही, कारण संचातलं एखादं जनुक मोडलेलंही असू शकतं. विष मोजायचं ते एलायझा या प्रतिपिंडांच्या चाचणीनेच, किंवा सोय असेल तर एलसी-एमएस या रेणू वेगळे करून वजनावरून ओळखणाऱ्या यंत्राने.

पीसीआरमध्ये बँडच (जेलवर दिसणारी डीएनएची रेघ) येत नसेल तर प्रायमरला (हवा तो तुकडा हेरणाऱ्या छोट्या डीएनएला) दोष देण्याआधी कॉलनीच्या चिकाकडे बघा. त्यातल्या शर्करा डीएनएबरोबर येतात आणि एन्झाइम अडवतात. डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा, बरेचदा तेवढ्यानेच काम होतं.

तवंगातल्या इतर सायनोबॅक्टेरियांची नावंही बदलत राहतात. पाण्यावर तरंगणारी बरीच अ‍ॅनाबिना २००९ मध्ये डोलिकोस्पर्मम झाली, सिलिंड्रोस्पर्मोप्सिस २०१८ मध्ये रॅफिडिऑप्सिसमध्ये गेली. ऑस्ट्रेलियातल्या पाम बेटावर १९७९ मध्ये १४८ जण आजारी पडले, बहुतेक मुलंच; त्या आजाराचा संबंध पाण्यातल्या याच सिलिंड्रोस्पर्मोप्सिसशी जोडला जातो. त्याविषयीचं जुनं लेखन सिलिंड्रोस्पर्मोप्सिस याच नावाखाली आहे. नुसतं नवं नाव टाकून शोधलंत तर ते हाती लागणार नाही. नमुन्याच्या चिठ्ठीवर दोन्ही नावं लिहा.