फिलिपिनो पडद्यावरचा समलिंगी पुरुष: नागपुरात चर्चामंडळ चालवायचं तर

फिलिपिन्समध्ये समलिंगी पुरुष भरदुपारी टीव्हीवर येऊन घरोघरी हसवतो. त्याच देशात भेदभावविरोधी विधेयक 2000 साली पहिल्यांदा मांडलं गेलं आणि अजून त्याचा कायदा झालेला नाही. तिथले चित्रपट आणि मालिका पाहून त्यांवर बोलणाऱ्या मंडळाला चघळायला एवढी विसंगती पुरेशी आहे. पहिल्या बैठकीत आणखी एक गोष्ट सांगून टाका. तिथल्या दंडविधानात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं, आपल्या जुन्या 377 सारखं कलम नाही. आपल्याकडे ते 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने सैल करेपर्यंत होतं. त्यामुळे "ते आपल्यापुढे आहेत" आणि "सगळीकडे सारखंच" ही दोन्ही उत्तरं घाईची ठरतात.

माणसं दहा ते चौदा घ्या. वीस झाली की चौघंच बोलतात आणि बाकीचे मोबाइल पाहतात. बैठका चार, दर पंधरा दिवसांनी, संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ. हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारीच धरा. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये हॉलमध्ये कूलर लावावाच लागतो आणि त्याच्या घरघरीत पात्रांचा सूर बुडून जातो. तिथली तागालोग भाषा कळत नसली तरी सूर ऐकू यायला हवा, कारण टोमणा कुठला आणि लाड कुठला हे सबटायटलपेक्षा त्यातूनच जास्त कळतं.

हॉलमध्ये अख्खा चित्रपट दाखवायच्या फंदात पडू नका. घरचं ओटीटी खातं खासगी पाहण्यापुरतं असतं. जाहीर प्रदर्शनाला हक्कधारकाची लेखी परवानगी लागते, आणि आपल्याकडे प्रमाणपत्र नसलेल्या परदेशी चित्रपटाला वर सेन्सॉरचं प्रमाणपत्र किंवा सूट. तेव्हा सगळ्यांनी घरी पाहून यायचं आणि बैठकीत ज्यावर बोलायचं तेवढेच दोन-तीन मिनिटांचे तुकडे लावायचे. सबटायटल तळाशी येतात, म्हणून पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर ठेवा; नाहीतर मागच्या रांगेला पुढच्यांची डोकीच दिसतात. यूट्यूबच्या आपोआप बनणाऱ्या सबटायटलवर विसंबू नका. तागालोग, इंग्रजी आणि तिथल्या समलिंगी मंडळींची चटपटीत बोली एकत्र आली की त्यांचा पार गोंधळ उडतो.

प्रत्येकाने वहीच्या एका पानावर चार रकाने आखायचे: हशा कोणावर, हसवतो कोण, हा माणूस पोटासाठी काय करतो आणि शेवटच्या दहा मिनिटांत त्याचं काय होतं. रकाने पाहता पाहताच भरा. नंतर भरले की आपण चांगल्या आठवणीच तेवढ्या लिहितो. चौथा रकाना सगळ्यात कामाचा.

तो कसा वापरायचा हे पहिल्याच बैठकीत डॉल्फीवरून दाखवता येतं. हा तिथला विनोदाचा बादशहा, 2012 साली वारला. 1969 च्या 'फासिफिका फालायफाय'मध्ये त्याने मुलीसारखा वाढवलेला मुलगा केला. थट्टा भरपूर होते आणि शेवटी नायिकेच्या प्रेमात पडून गडी 'मर्द' होतो. 1978 साली दिग्दर्शक लिनो ब्रोकाच्या 'आंग ताताय कोंग नानाय'मध्ये तोच नट एका मुलाला वाढवणारा समलिंगी पुरुष झाला. पोरासाठी तो आपला नखरा आवरतो, पुरुषी वागायचा प्रयत्न करतो आणि हसता हसता प्रेक्षकाच्या घशाशी येतं. दोन्हींच्या शेवटांबद्दल चौथ्या रकान्यात काय लिहिलंय ते शेजारी ठेवून वाचायला सांगा. वेळ उरला तर 2000 च्या 'मार्कोव्हा'चा उल्लेख करा. जपानी ताब्याच्या काळात अत्याचार सोसलेल्या खऱ्या माणसाची ती कथा, आणि त्याची भूमिका वेगवेगळ्या वयांत डॉल्फी आणि त्याच्या दोन मुलांनी केली आहे.

दुसरी बैठक दिग्दर्शक ऑरियस सोलितोच्या 2005 च्या 'माक्सिमो ओलिव्हेरोस' या चित्रपटासाठी. मनिलाच्या गरीब वस्तीतला बारा वर्षांचा माक्सिमो एका पोलिसावर जीव लावतो. घरात बाप आणि भाऊ भुरटे चोर, पण या पोराला कोणी हिणवत नाही. इथे मंडळी हमखास फसतात: "बघा, किती स्वीकार!" म्हणून वही मिटतात. तिसरा रकाना उघडायला लावा. स्वयंपाक, शिवणटिपण, घर सांभाळणं कोण करतं? घराला बाई हवी होती आणि ती जागा माक्सिमोने भरली. तो हात चालवत नसता तर माया एवढीच राहिली असती का, या प्रश्नाला अर्धा तास द्या. या चित्रपटाला 2006 मध्ये बर्लिन महोत्सवात टेडी हा समलिंगी विषयांवरच्या चित्रपटांचा पुरस्कार मिळाला, हे सांगायचंच तर शेवटी सांगा. आधी सांगितलं की लोक टीका करायला कचरतात.

तिसरी बैठक टीव्हीची. 'माय हजबंड्स लव्हर' ही मालिका जीएमए वाहिनीवर 10 जून ते 18 ऑक्टोबर 2013 चालली. दोन नायक, दोघेही देखणे, एकाचं लग्न झालेलं. सगळे भाग पाहायची गरज नाही. सुरुवातीचे चार आणि शेवटचे दोन पाहिले तरी बायकोच्या डोळ्यातलं पाणी किती वेळ दिसतं आणि दोघांचा संसार किती वेळ, हे मोजता येतं. त्याच्या जोडीला 'इट्स शोटाइम' हा दुपारचा करमणुकीचा कार्यक्रम घ्या. 25 जुलै 2023 च्या भागात कार्यक्रमाचा लाडका विनोदवीर व्हाइस गांडा आणि त्याचा जोडीदार आयन पेरेस यांनी लहान मुलांच्या सदरात बोटाने केकचं आयसिंग खाल्लं, आणि तिथल्या नियामक मंडळाने कार्यक्रम बारा प्रक्षेपण दिवसांसाठी थांबवला. नवरा-बायकोने तेच केलं असतं तर? आमच्या मते विनोदवीर म्हणून डोक्यावर घेतलेला माणूस जोडीदाराशी लाडात आला की चौकट लगेच आकसते, आणि आपल्या चर्चामंडळाने वाद घालावा तो याच मुद्द्यावर.

चौथ्या बैठकीला मे 2020 मध्ये यूट्यूबवर सुरू झालेली 'गेमबॉइज' ही वेबमालिका. तेरा भाग, लॉकडाऊनमधली दोन पोरं, सगळं मोबाइल-लॅपटॉपच्या पडद्यांतून. निर्माती कंपनी जून लाना आणि पर्सी इन्तालान या विवाहित जोडप्याची. पहिले दोन रकाने इथे वेगळेच भरतात.

याच दिवशी आपल्याकडे वळा. विदर्भाच्या खडी गंमतीतला लुगडं नेसून नाचणारा नाच्या, झाडीपट्टीची नाटकं, विनोदी कार्यक्रमांतले साडीतले पुरुष: तेच चार रकाने त्यांनाही लावा. मात्र नाच्या म्हणजे समलिंगी असं गृहीत धरू देऊ नका. तसंच फिलिपिन्समधला 'बाक्ला' (बायकी पुरुषासाठीचा तिथला शब्द) नेहमी समलिंगी पुरुषच असतो असं नाही, त्यात ट्रान्स स्त्रियाही येतात. 2016 चा 'डाय ब्युटिफुल' म्हणूनच आम्ही यादीत घेतलेला नाही. त्याची नायिका ट्रान्स स्त्री आहे, तिच्यासाठी वेगळी बैठक ठेवा.

बिघडतं ते बहुतेक वेळा संचालकामुळे. कोणी चुकीच्या जागी हसलं की "काहून हसले भाऊ?" असं सगळ्यांदेखत विचारू नका, तो माणूस पुढच्या वेळी येत नाही. रकान्यात लिहायला सांगा आणि कागद गोळा करून निनावी वाचा. "तू स्वतः कोण?" हा प्रश्न कोणीही कोणाला करायचा नाही, हे दारावरच सांगा. फोटो बंद. व्हॉट्सॲप ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट यादी वापरा. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि घरी न सांगता आलेल्याला तेवढंही महागात पडू शकतं. यादीतला निरोप फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो, म्हणून पहिल्या दिवशी सगळ्यांकडून तो सेव्ह करून घ्या.