बराफूची रात्र आणि सुती बनियन

टांझानियातला किलिमांजारो चढून आलेल्यांना तिथल्या राष्ट्रीय उद्यानाकडून प्रमाणपत्र मिळते. उहुरू या सर्वोच्च माथ्यावर पाऊल ठेवलेल्यांना सोनेरी, आणि त्याअलीकडच्या स्टेला पॉइंट किंवा गिलमन्स पॉइंटवरून परतलेल्यांना हिरवे. माझ्याजवळ हिरवे आहे. स्टेला पॉइंट ५,७५६ मीटरवर आणि उहुरू ५,८९५ मीटरवर, म्हणजे उंचीचे अवघे १३९ मीटर आणि विवराच्या कडेकडेने तासाभराची चाल राहिली होती. परत आल्यावर भेटेल त्याने ‘विरळ हवा बाधली असेल’ असे म्हणून माझी समजूत घातली आणि मीही बरेच दिवस कोणाची चूक दुरुस्त केली नाही, कारण खरे काय ते सांगण्याची लाज वाटत होती. मला परत पाठवले ते अंगातल्या सुती बनियनने.

हे लेखन पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यातही सह्याद्रीत वाढलेल्या, आठवड्यातून दोनदा सिंहगड करणाऱ्या, हिमालयात एखादा ट्रेक झालेल्या मंडळींसाठी. बूट कसे मुरवावेत, पाणी किती प्यावे, पाठपिशवी कशी भरावी हे तुम्हाला ठाऊक आहे असे मी धरून चालतो.

मार्गाविषयी थोडक्यात सांगतो. या डोंगरावर गाइडशिवाय जाता येत नाही, त्यामुळे एखाद्या संस्थेमार्फतच जावे लागते. मरांगू मार्गावर मुक्कामाला लाकडी झोपड्या आहेत, मचामे आणि लेमोशो मार्गांवर तंबू. उद्यानाचे शुल्क दिवसागणिक लागते, म्हणून स्वस्त पॅकेज हे बहुतेक वेळा कमी दिवसांचे पॅकेज असते, ही गोष्ट माहितीपत्रकात कोणी ठळक अक्षरांत छापत नाही. मरांगूच्या पाच दिवसांच्या कार्यक्रमात ३,७२० मीटरवरच्या होरोम्बोहून निघून ४,७२० मीटरवरच्या किबो झोपड्यांवर पोहोचायचे आणि त्याच मध्यरात्री शिखराकडे निघायचे असते. याला मी सरळ जुगार म्हणतो. वाचवलेल्या एका दिवसाचे पैसे तुम्ही तिथे ओकाऱ्या काढत फेडता. मचामे मार्गाला सात दिवस द्यावेत, लेमोशोला आठ, आणि तेवढे पैसे या वर्षी नसतील तर पुढच्या वर्षी जावे. डोंगर कुठे जात नाही.

मी मचामेने सात दिवसांत गेलो होतो. पहिला दिवस ओल्या, शेवाळलेल्या जंगलातून जातो आणि आंबोलीची आठवण करून देतो. तिसऱ्या दिवशी सुमारे ४,६०० मीटरवरच्या लाव्हा टॉवरपर्यंत चढवून पुन्हा ३,९५० मीटरच्या आसपास बरांको तळावर झोपायला उतरवतात, तेव्हा डोके ठणकते. घाबरू नये, शरीराला विरळ हवेची तोंडओळख करून देण्यासाठीच ती वाट तशी आखलेली आहे आणि उतरल्यावर बहुतेकांचे डोके शांत होते. ठणका उतरूनही गेला नाही, किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर मात्र त्याच क्षणी गाइडला सांगावे. रोज संध्याकाळी तो बोटाला यंत्र लावून प्राणवायूचे प्रमाण पाहतो आणि भूक, झोप, डोकेदुखी यांची चौकशी करतो. त्या वेळी खोटे बोलणारे महाभाग आमच्याही गटात होते. डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळण्यासाठीची गोळी, घ्यायची की नाही हे इथल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर. तंबूतल्या शेजाऱ्याच्या डबीतली गोळी घेऊ नये.

बरांकोच्या भिंतीची, म्हणजे त्या तळापुढच्या उभ्या कड्याची, धास्ती मुळीच बाळगू नये. छायाचित्रांत ती भयंकर दिसते, पण हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केलेल्या माणसाला तिथे हसू येईल. तिथे मान खाली जाते ती वेगळ्याच कारणाने: आपण दोन्ही हातांनी खडक धरत असतो आणि शेजारून डोक्यावर वीस किलोपर्यंतचे ओझे घेतलेला पोर्टर ‘जांबो’ म्हणत पुढे निघून जातो.

स्वाहिली भाषेचीही भीती नको. दुकानाला ‘दुका’, पैशाला ‘पेसा’, गाडीला ‘गारी’ म्हणणाऱ्या, आणि चहा-चपातीला चहा-चपातीच म्हणणाऱ्या लोकांत मराठी माणूस फार काळ परका राहत नाही. दोन शब्द मात्र पाठ करून ठेवावेत. ‘पोले पोले’ म्हणजे हळूहळू, जे दिवसातून शंभर वेळा कानावर पडते. आणि ‘बराफू’ म्हणजे बर्फ, जे सुमारे ४,६७० मीटरवरच्या शेवटच्या तळाचे नाव आहे. त्या तळावर मी जे केले ते आता सविस्तर सांगतो, आणि इथे थोडे लांबण लागले तर लागू द्यावे.

आमच्या ट्रेकच्या ओळखीत एक ज्येष्ठ गृहस्थ होते, ज्यांना सगळे दादा म्हणत. ते किलिमांजारो एकदा करून आले होते आणि त्या एका खेपेच्या जोरावर निम्म्या पुण्याला मार्गदर्शन करत होते. त्यांनी मला बजावले होते की शिखराच्या रात्री तळावरूनच सगळे कपडे चढवून निघावे, कारण वर गेल्यावर गारठलेल्या हातांनी पिशवी उघडणे होत नाही. सल्ला ऐकायला इतका शहाणपणाचा वाटला की मी तो वहीत लिहून घेतला. एकदाच गेलेला माणूस डोंगराविषयी बोलत नसतो, स्वतःच्या एका रात्रीविषयी बोलत असतो, हे मला तेव्हा कळले नाही. (मीही एकदाच गेलो आहे. तेव्हा माझे म्हणणेही दोन-चार जणांकडून पडताळून घ्यावे.)

रात्री साडेअकराला आले घातलेला चहा आणि बिस्किटे पोटात ढकलून मी तंबूबाहेर आलो, तेव्हा अंगावर महागातला लोकरी थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर पिसे भरलेले डाऊन जॅकेट, त्यावर वारारोधक कोट असे चार थर होते. थर्मलच्या आत बनियन होता. तो मी विचार करून घातलेला नव्हता. बनियनशिवाय अंगात काही घालायचे नाही ही लहानपणापासूनची सवय, आणि सवयीच्या गोष्टी सामानाच्या यादीत लिहिल्या जात नाहीत. दुकानदाराने मला तीन थरांचे शास्त्र अर्धा तास समजावले होते, पण सर्वांत आत काय असते हे त्याने संकोचापोटी विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

निघताना मी उबदार होतो, आणि तिथेच चुकलो होतो. सहायक गाइडने माझ्याकडे पाहून जॅकेट काढण्याची खूण केली. मी दादांचे वाक्य आठवून मान हलवली. पहिल्या तासात अंगात ताकद असते, पावले त्यातल्या त्यात भरभर पडतात, शरीर भट्टीसारखे तापते. साडेबाराच्या सुमारास पाठीवरून घाम ओघळू लागला. सह्याद्रीत याचे आपल्याला काहीच वाटत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात राजगड चढताना शर्ट पिळून काढण्याइतका भिजतो, आणि माथ्यावरच्या वाऱ्याने तो वाळताना उलट सुख वाटते. आपली सगळी शिकवण घामाला निरुपद्रवी मानणारी आहे. आपल्या डोंगरांत पाण्याची बाटली रिकामी होणे हे संकट, बनियन ओला होणे ही नित्याची बाब.

उंचीवर हिशेब उलटतो. जसजसे वर जावे तसतसा प्राणवायू कमी मिळतो, पावलांचा वेग घटतो, एका पावलाला दोन श्वास लागू लागतात आणि त्यामुळे शरीरात तयार होणारी उष्णताही कमी होते. नेमके त्याच वेळी बाहेरचे तापमान उतरत असते, वारा वाढत असतो आणि पहाटेपूर्वीचा सर्वांत गार प्रहर जवळ येत असतो. म्हणजे जे कपडे ४,७०० मीटरवर जास्त होतात तेच ५,५०० मीटरवर अपुरे पडतात. त्यात आतला थर ओला असेल तर विचारू नये, कारण स्थिर हवेपेक्षा पाणी सुमारे पंचवीस पटींनी अधिक उष्णता वाहून नेते, आणि सूत ते पाणी सोडत नाही. छातीशी आणि पाठीशी धरून बसते. माझा लोकरी थर्मल घाम बाहेर ओढून घ्यायला तयार होता, पण त्याच्या आणि कातडीच्या मध्ये मी ओला पोतेरा गुंडाळून ठेवला होता. डाऊन जॅकेटही आतून दमट झाले, आणि दमटलेली पिसे फुगत नाहीत, म्हणजे ऊबही धरत नाहीत.

तीनच्या सुमारास मला हुडहुडी भरली. वर पाहिले तर हेडटॉर्चची नागमोडी रांग आकाशात चढत गेलेली, आणि ती कुठे संपते ते कळेना. पाण्याच्या पिशवीची नळी केव्हाच गोठली होती. पाचच्या पुढे मला कोटाची चेन उघडता येईना आणि शब्द जड येऊ लागले, तरी मी मान खाली घालून चालत होतो. स्टेला पॉइंटच्या फलकाशी पोहोचलो तेव्हा पूर्वेला तांबडे फुटत होते. मुख्य गाइडने माझे नाव विचारले. मी सांगितले, पण ते मलाच नीट ऐकू आले नाही. त्याने हातमोजा काढला, माझ्या कपड्यांच्या आत पाठीवर हात घातला आणि तो बाहेर काढून टॉर्चच्या उजेडात माझ्यासमोर धरला. हात ओला होता आणि त्यातून वाफ येत होती. त्याने उहुरूकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि खालच्या दिशेला बोट केले. मी वाद घालण्याचा प्रयत्न केला. आज वाटते, त्याने ऐकले नाही हे माझे नशीब.

आता काय करावे ते सांगतो. आतला प्रत्येक कपडा, अगदी अंतर्वस्त्रे आणि मोजेसुद्धा, लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा असावा. सुताचा एक धागाही त्या रात्री अंगावर नको. तळावरून निघताना थोडी थंडी वाजत असली पाहिजे, दहा मिनिटे दात वाजले तरी चालेल. डाऊन जॅकेट पिशवीत सर्वांत वर ठेवावे, थांबल्याबरोबर, गारठण्याची वाट न पाहता अंगावर घ्यावे, आणि पुन्हा चालू लागण्यापूर्वी काढावे. घाम येतोय असे वाटले की रांग मोडण्याचा संकोच न करता बाजूला व्हावे आणि एक थर उतरवावा. एक कोरडा थर्मल प्लास्टिकच्या नव्हे, कापडी किंवा जलरोधक थैलीत ठेवावा, कारण टांझानियात २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. पाण्याची बाटली उलटी ठेवावी. पाणी वरून गोठू लागते, त्यामुळे तोंड मोकळे राहते.

याची तालीम महाराष्ट्रात होत नाही असे लोक म्हणतात, पण बऱ्याच अंशी होते. डिसेंबरात रात्री कळसूबाईला जावे, शिखराच्या रात्रीचेच कपडे घालून शिड्या चढाव्यात, आणि १,६४६ मीटरवरच्या त्या माथ्यावर देवळाच्या आडोशाला न बसता वाऱ्यात अर्धा तास उभे राहावे. पाठ गार पडू लागली, तर तुमचे थर चुकले आहेत. माझ्या मते हा अर्धा तास दोन महिन्यांच्या जिमपेक्षा मोलाचा आहे. जिमला नावे ठेवत नाही; उतरताना मांड्या लागतातच. शिखरावरून त्याच दिवशी सुमारे ३,१०० मीटरवरच्या म्वेका तळापर्यंत उतरायचे असते, रात्री गोठून घट्ट झालेली राखमाती तोवर सैल होऊन पायांखालून सरकत असते, आणि पायाची नखे कापलेली नसतील तर अंगठे काळेनिळे होतात. माझे दोन्ही झाले.

आणि तरीही जावे. माझ्या गटातल्या एका साठीच्या आजींनी, ज्यांना सराव चढताना मी दर वळणावर मागे टाकत असे, उहुरू गाठले; त्या बराफूवरून कुडकुडत निघाल्या होत्या आणि अख्खी रात्र एका लयीत चालत राहिल्या होत्या.

येत्या फेब्रुवारीत मी पुन्हा मचामेनेच निघालो आहे. सामानाची यादी या वेळी पत्नीने तपासली आणि ‘बनियन – चार’ ही ओळ स्वतःच्या हाताने खोडली. परतीच्या विमानासाठी दोन तरी असू द्यावेत असे मी सुचवले, तेव्हा ते डोंगराच्या पायथ्याच्या मोशी गावातल्या हॉटेलात ठेवायच्या बॅगेत कुलूप लावून राहतील, या अटीवर तिने परवानगी दिली. किल्ली तिच्याकडे राहणार आहे. मोशीपर्यंत तीही येते आहे.