विणकामाची सुरुवात नमुन्यापासून नको, लोकरीपासून करावी

बेळगावात पावसाची झड लागली की दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत आणि कपाटातले जुने स्वेटर बाहेर निघतात. विणकाम शिकावेसे वाटते तेही बहुधा याच दिवसांत. मग घाईने स्वेटरचा नमुना निवडला जातो, त्याला लागेल ती लोकर आणली जाते आणि अर्धी पाठ विणून झाल्यावर सगळे पिशवीत जाऊन पडते. नवशिक्याने नमुना बाजूला ठेवून आधी लोकरीचा एकच गुंडा आणावा, आणि तोही हाताला आवडेल असा.

मराठीत लोकर म्हणा किंवा कन्नडात उण्णे, दुकानदार पुढे ठेवतो ते बरेचदा ॲक्रिलिक असते. त्यात वाईट काही नाही. ते स्वस्त असते, धुवायला सोपे असते आणि सरावाला उत्तम. मात्र आपण काय विकत घेतले हे ठाऊक असावे. धाग्याचा लहानसा तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहावा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि तिची राख बोटांत चुरडते, तर ॲक्रिलिक वितळते आणि त्याची कडक गुठळी उरते.

आपल्या भागातली दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते. धनगर-कुरुबांच्या मागावर तिची घोंगडी होते, तिला चिंचोक्याची खळ देतात, आणि ती पावसात अंगावर घ्यावी अशीच असते. गळ्याभोवतीच्या मफलरीला मात्र ती टोचते. शहापूरच्या मागावरची साडीही आपण ‘विणलेली’च म्हणतो, पण मागावर उभे-आडवे धागे एकमेकांत गुंततात आणि सुयांवर एकाच धाग्याचे फासे एकमेकांतून ओढले जातात. स्वेटर ताणला जातो आणि घोंगडी ताणली जात नाही, ते यामुळेच.

पहिल्या गुंड्यासाठी मध्यम जाडीची, फिक्या रंगाची लोकर घ्यावी, कारण काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत. सुया सात किंवा आठ नंबरच्या चालतील. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, म्हणून आठ नंबर म्हणजे 4 मिलिमीटर आणि दहा नंबर म्हणजे 3.25 मिलिमीटर.

सरकफास करून सुईवर वीस टाके घालावेत. उजवी सुई पहिल्या टाक्यात पुढून मागे घालावी, धागा तिच्या टोकावरून फिरवावा, तो फास टाक्यातून पुढे ओढून घ्यावा आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्यावा. हा सुलट टाका. सगळ्या ओळी सुलटच विणल्या तर पट्टी कडांना वळत नाही. एक ओळ सुलट आणि एक उलट अशी वीण दिसायला सुबक असली तरी तिच्या कडा गुंडाळतात, आणि नवशिक्याला वाटते आपलेच काही चुकले. धागा आवळून धरू नये. टाका सुईवर सहज सरकला पाहिजे. प्रत्येक ओळीनंतर टाके मोजावेत, वीसाचे एकवीस झाले तर ओळ उसवावी. टाका गळला असेल तर क्रोशाच्या सुईने तो खालून एकेक पायरी वर आणता येतो.

पट्टी दहा सेंटिमीटर उंच झाली की मधल्या दहा सेंटिमीटरांत किती टाके बसतात ते मोजावे. अठरा बसले, तर वीस सेंटिमीटर रुंद मफलरीला छत्तीस टाके घालावे लागतील. हा हिशेब करण्याचा कंटाळा येतो, मलाही येत असे. पण माझी पहिली कानटोपी हिशेब न केल्यामुळे माझ्या डोक्याऐवजी शेजारच्या बाळाच्या डोक्यावर गेली.

लडी आणली असेल तर कोणाला तरी दोन्ही हात पुढे करून बसवावे, नाहीतर खुर्चीच्या पाठीला ती अडकवावी, आणि गुंडा सैल गुंडाळावा. आवळून गुंडाळलेला धागा ताणून राहतो. मफलरीला लागतील तेवढे गुंडे एकदमच घ्यावेत आणि प्रत्येकाच्या चिठ्ठीवरचा रंगाच्या खेपेचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा, क्रमांक एकच आहे ना, हे दुकानातच पाहावे. महिन्याभराने आणलेला ‘तोच’ निळा माझ्या स्वेटरच्या डाव्या बाहीवर आजही वेगळा दिसतो.